निलंग्यातील आपली वंशावळ शोधताना

जात पडताळणीची फाईल आली की घराघरात एकच धावपळ सुरू होते: आजोबांचा, पणजोबांचा कागद कुठे आहे? अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या पुराव्याला मोठे वजन असते. 1956 नंतरच्या शाळेच्या दाखल्यावर ‘बौद्ध’ असते, त्याआधीच्या दाखल्यावर ‘महार’. आपण टाकलेला तो शब्द कागदावर मात्र शोधावाच लागतो.

निलंगा तालुका 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होता, मग उस्मानाबादेत, आणि 16 ऑगस्ट 1982 पासून लातूरमध्ये. म्हणून लातूरला कागद सापडला नाही म्हणजे तो नाहीच, असे समजून परत फिरू नका. तहसीलच्या अभिलेख कक्षात 1954-55 चे खासरा पाहणी पत्रक आणि जुने फेरफार मागा. महारकीची इनाम जमीन असेल तर वारसांची नावे ओळीने मिळू शकतात.

निजामकाळातील नोंदी बऱ्याचदा उर्दूत असतात, साल फसली असते. त्यात 590 मिळवा, म्हणजे 1350 फसली साधारण 1940 होते. आडनाव बहुधा नसते. ‘सटवा वल्द राणबा’ म्हणजे राणबाचा मुलगा सटवा, एवढेच. आडनावे पुढे कित्येकदा गुरुजींनीच लावली! त्यामुळे आडनावावरून नव्हे, बाप-लेकाच्या जोडीवरून शोधा.

भूमिहीन घरांचे नाव सातबाऱ्यावर येत नाही. त्यांनी गावच्या जुन्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा आधी काढावा.