परदेशप्रवास आणि औषधांची वेळ

आपल्या शिरूर अनंतपाळसारख्या गावातूनही आता मुला-नातवंडांना भेटायला अमेरिकेला जाणारे आई-वडील दिसतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, "डॉक्टर, विमानात गोळ्या केव्हा घ्यायच्या?"

मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर आहे. थेट विमानाला साधारण १५ ते १६ तास लागतात. मात्र तिकिटावरील वेळा पाहून गोंधळ होतो. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. रात्री २ वाजता मुंबईहून निघालेले विमान साडेपंधरा तास उडून तिथल्या सकाळी ८ वाजता उतरते. तिकिटावर सहाच तास दिसतात. शरीराला मात्र साडेपंधरा तास मोजावे लागतात.

मधुमेहींनी हा फरक नीट समजून घ्यावा. जाताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, म्हणून इन्सुलिनचा जादा डोस लागू शकतो. परतताना उलटे घडते. न्यूयॉर्कच्या सकाळी ८ वाजता दिवसाचे एकच इन्सुलिन घेतले आणि पुढचे भारताच्या सकाळी ८ ला घेतले, तर मध्ये २४ नव्हे, साडेचौदा तासच जातात. अशाने रक्तातील साखर एकदम खाली येऊन चक्कर, घाम, प्रसंगी बेशुद्धी येऊ शकते. त्यासाठी जाण्यापूर्वी तिकीट घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे व डोसांचे वेळापत्रक लिहून घ्यावे. विमानातून उतरेपर्यंत मनगटावरील घड्याळ निघालेल्या ठिकाणच्या वेळेवरच ठेवावे. इन्सुलिन, गोळ्या, चिठ्ठी आणि थोडी साखर हातातील पिशवीत ठेवावी. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

दुसरा धोका पायांचा. फार वेळ बसून राहिल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तास वा अधिक बसून केलेल्या प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरी तो साधारण सहा हजारांत एकाला असतो. हे बस, रेल्वे, मोटारीलाही लागू आहे. म्हणजे लातूरहून मुंबईला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीपासूनच काळजी घ्यावी. अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी पावले वर-खाली करावीत, पाणी प्यावे, मद्य टाळावे. ॲस्पिरिन मनाने घेऊ नये. प्रवासानंतर काही आठवड्यांतही एकच पाय सुजला, पोटरी दुखली किंवा अचानक दम लागला, तर त्वरित डॉक्टरांना दाखवावे.

विमानातील हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेसारखी विरळ असते. त्यामुळे हृदयविकार, दमा, तीव्र रक्तक्षय असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच तपासणी करून घ्यावी.

पोहोचल्यावर काही दिवस रात्री झोप लागत नाही, दुपारी डोळे मिटतात. शरीराचे घड्याळ रोज साधारण तासभरच सरकते. दिवसा उजेडात फिरावे, रात्री तिथल्या वेळेला झोपावे. झोपेच्या गोळ्यांची घाई नको.