फटका आक्रमक होता की चुकीचा?

कसोटीत फलंदाज उंच फटका मारून बाद झाला की ‘टी-ट्वेंटीने वाट लावली’ हा शेरा जबलपुरातही ऐकू येतो आणि मुंबईतही. त्यामागे दोन समजुती आहेत: फटकेबाजी ही आजकालची खोड आहे, आणि खेळपट्टीवर टिकून राहिलं की फलंदाजी आपोआप चांगली ठरते. पहिलीला सी. के. नायडूंनी कधीच उत्तर देऊन ठेवलंय. १९२६ मध्ये मुंबईत एमसीसीविरुद्ध १५३ धावा करताना त्यांनी ११ षटकार ठोकले. दुसरीसाठी मेलबर्नची डिसेंबर २०२४ मधली कसोटी पाहावी. पहिल्या डावात फॉलोऑन टळलेला नसताना ऋषभ पंतने ऑस्ट्रेलियाच्या बोलंडला स्कूप मारायचा प्रयत्न केला, तो फसला आणि चेंडू अंगावर बसला. मागे सीमारेषेवर क्षेत्ररक्षक असूनही पुढच्याच चेंडूवर त्याने तोच फटका काढला आणि डीप थर्डला झेल दिला. सुनील गावसकर समालोचनात भडकले ते यावर. दुसऱ्या डावात मात्र हाच पंत १०० हून अधिक चेंडू संयमाने खेळला आणि हेडच्या आखूड चेंडूवर लाँगऑनला झेल देऊन परतला. १२१ वर हा चौथा गडी पडला आणि १५५ वर भारताचा डाव आटोपला. इतका वेळ टिकूनही तो एक फटका चुकलाच.

यावर ‘तो तसाच खेळून सामने जिंकून देतो की!’ असं कुणी म्हणेल. जिंकून देतो, पण तसाच खेळून नव्हे. २०२१ मध्ये ब्रिस्बेनला त्याने १३८ चेंडूंत नाबाद ८९ धावा केल्या; म्हणजे पाठलागातही बरेच चेंडू त्याने सोडले, अडवले. आणि २००४ मध्ये सिडनीत सचिनने कव्हर ड्राइव्ह जवळजवळ गुंडाळून ठेवला आणि नाबाद २४१ काढल्या. मारणं आणि न मारणं, दोन्ही निवडीच.

बाद झाला म्हणून फटका चूक, हेही खरं नाही. २०२२ चा रणजी अंतिम सामना जबलपूरच्या मराठी घरांना दुहेरी जिव्हाळ्याचा: संघ मध्य प्रदेशचा, प्रशिक्षक मुंबईचे चंद्रकांत पंडित, समोर मुंबई. मध्य प्रदेशने ५३६ धावा करून १६२ ची आघाडी घेतली. सामना अनिर्णित राहिला असता तरी पहिल्या डावातल्या आघाडीवर करंडक त्यांनाच मिळणार होता. त्यामुळे मुंबईला झटपट धावा करणं भागच होतं. षटकामागे साडेचारच्या आसपास गतीने खेळत ते २६९ वर गारद झाले आणि मध्य प्रदेशने १०८ चं लक्ष्य गाठून पहिल्यांदा करंडक जिंकला. मुंबईच्या त्या फटक्यांना बेजबाबदार म्हणणं अन्यायाचं होईल. संथ खेळून त्यांच्या हाती काहीच लागणार नव्हतं.