‘मारिया ब्राउनचा विवाह’ : शेवटाचा अन्वयार्थ

राइनर वेर्नर फासबिंडर यांच्या ‘मारिया ब्राउनचा विवाह’ (१९७९) या जर्मन चित्रपटाची चर्चा वर्गात निघाली की विद्यार्थी हटकून एकच प्रश्न विचारतात : शेवटच्या स्फोटात मारिया अपघाताने मरते, की ती जीव देते? समीक्षकांतही या प्रश्नावर मतभेद आहेत. माझ्या मते प्रश्न गैरलागू नाही, पण अपुरा आहे.

युद्धोत्तर भग्नावस्थेतून मारिया स्वतःच्या हिमतीवर श्रीमंत झाली आहे. हे सारे हेर्मानसाठी, अशी तिची श्रद्धा. हेर्मान घरी परततो त्याच दिवशी तिचा मालक व प्रियकर ओस्वाल्ड याचे मृत्युपत्र वाचले जाते आणि उघड होते की ओस्वाल्ड हयात असेतो हेर्मानने दूर राहावे व मोबदल्यात वारसा मिळावा, असा करार त्या दोघा पुरुषांनी तिच्या अपरोक्ष केला होता. आपल्या आयुष्याचे सूत्र आपल्या हाती आहे, या तिच्या समजुतीचा येथे निरास होतो. त्यापूर्वीच तिने शेगडीवर सिगारेट पेटवून ज्योत फुंकरीने विझवली आहे. गॅस चालूच राहिला आहे. ती दुसरी सिगारेट पेटवायला जाते.

या प्रसंगाचा खरा निवेदक मात्र रेडिओ आहे. ४ जुलै १९५४ रोजी बर्न येथे पश्चिम जर्मनीने हंगेरीला ३–२ असे हरवून विश्वचषक जिंकला. हेर्बेर्ट त्सिमरमान यांचे त्या सामन्याचे समालोचन संवादांवर सतत कुरघोडी करत राहते. जर्मन न जाणणाऱ्या प्रेक्षकाला तो केवळ गोंगाट वाटतो, आणि शेवटाचा निम्मा आशय तेथेच निसटतो. रेडिओ येथे अकस्मात अवतरत नाही. आरंभी त्यावरून बेपत्ता सैनिकांची नावे ऐकू येतात. पुढे आडेनाउअर शस्त्रसज्जतेला विरोध करताना आणि नंतर तिचाच पुरस्कार करताना ऐकू येतात. आता घर उद्ध्वस्त होते आणि त्याच क्षणी राष्ट्र विजेते ठरल्याची आरोळी उठते. मारियाचा हेतू संदिग्ध ठेवून दिग्दर्शकाने प्रेक्षकाचे लक्ष व्यक्तीच्या मनोव्यापाराकडून या विसंगतीकडे वळवले आहे, असे मला वाटते. केवळ आत्महत्या म्हटले, तर ही एका फसवल्या गेलेल्या स्त्रीची शोकांतिका तेवढी उरते.

चित्रपट १९४३ मधील बॉम्बहल्ल्यात भिंतीवरून उडालेल्या हिटलरच्या तसबिरीने सुरू होतो. अखेरीस पडद्यावर आडेनाउअर, एर्हार्ड, कीसिंगर व श्मिट या चॅन्सेलरांची छायाचित्रे निगेटिव्ह स्वरूपात येतात. १९६९ ते १९७४ या काळातील विली ब्रांट त्यांत नाहीत. फासबिंडर यांनी त्यांना त्या मालिकेत बसवले नाही, ही वगळणूक सहेतुकच मानावी लागते. श्मिट यांची निगेटिव्ह मात्र हळूहळू पॉझिटिव्ह होते. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा तेच सत्तेवर होते.