आपण कुठे आहोत?

जहाज म्हटलं की आपल्याला सुकाणू आठवतं, नांगर आठवतो. चार्टरूम सहसा आठवत नाही. आम्हा कोकणातल्या मुसलमानांच्या कितीतरी घरांतली माणसं जहाजावर गेली. पण खलाशाचं काम डेकवर आणि इंजिनाजवळ. नकाशांची ही खोली अधिकाऱ्यांची.

सुकाणूच्या खोलीला लागूनच ती असे. रुंद टेबल, त्याखाली सपाट खण आणि खणांत सागरी नकाशे. टेबलावर कर्कटक, समांतर पट्टी, शिसपेन्सिल आणि खोडरबर. शाई नाही, कारण खुणा पुसून तोच नकाशा पुढच्या फेरीला वापरायचा असतो.

पेटीत जपून ठेवलेलं घड्याळ म्हणजे क्रोनोमीटर. त्याला रोज ठरल्या वेळी चावी द्यायची. ते ग्रीनिचची वेळ दाखवतं. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. म्हणून सूर्य-ताऱ्यांवरून काढलेली स्थानिक वेळ आणि ग्रीनिचची वेळ यांतल्या फरकावरून रेखांश मिळतो. घड्याळ चार सेकंद चुकलं, तर विषुववृत्तावर एका सागरी मैलाची चूक होते.

ही चूक केवढी महाग पडू शकते? १४ एप्रिल १९१२च्या रात्री 'टायटॅनिक' हिमनगावर आदळलं. चौथे अधिकारी जोसेफ बॉक्सहॉल यांनी संध्याकाळच्या ताऱ्यांवरून काढलेली जागा, पुढचा वेग आणि दिशा यांचा हिशेब करून जहाजाचं ठिकाण काढलं. मदतीची हाक त्याच ठिकाणावरून गेली. १९८५मध्ये अवशेष सापडले, ते तिथून सुमारे १३ सागरी मैलांवर! 'कार्पेथिया' जहाज वाचलेल्यांपर्यंत पोचलं, त्यात बॉक्सहॉल यांनीच होडीतून पेटवलेल्या हिरव्या ज्योतींचा मोठा वाटा होता. आकड्यांत चूक होती, पण ज्योत डोळ्यांना दिसली.

आज बहुतेक मोठ्या जहाजांवर नकाशे संगणकाच्या पडद्यावर आले आहेत. उपग्रह क्षणोक्षणी जागा सांगतात. पण अलीकडे काही समुद्रांत हे संकेत मुद्दाम बिघडवले जातात आणि पडद्यावरचं जहाज चक्क जमिनीवर दिसतं. म्हणून शहाणा अधिकारी एकाच साक्षीदारावर विसंबत नाही. तो रडार पाहतो, दीपगृहाची दिशा घेतो, पाण्याची खोली मोजतो.

गावाकडची आई जहाजावरच्या मुलाला फोनवर विचारते, "कुठे आहेस रे?" तो एका शब्दात उत्तर देतो. त्या एका शब्दामागे एवढा हिशेब असतो.