एकशे तिसांतला एक मासा

मुलांनो, आपल्याकडे शेततळ्यांत नि तलावांत रोहू-कटल्यांबरोबर चंदेरा आणि गवत्या हे मासेही सोडतात. दोघेही मूळचे चीनकडचे. आपण त्यांचं बीज विकत आणून त्यांना वाढवतो. पण अमेरिकेत याच माशांना अडवण्यासाठी एका कालव्याच्या पाण्यात वीज सोडली आहे. आणि ती वीज त्यांना खरंच अडवते का, हे तिथल्या शास्त्रज्ञांनी माशांनाच विचारलं. कसं विचारलं, ते ऐका.

शिकागो शहर मिशिगन सरोवराच्या काठी आहे. सरोवर एवढं मोठं की पलीकडचा काठ दिसतच नाही. शहर पिण्याचं पाणी त्यातूनच घ्यायचं, आणि शहराची घाणही नदीतून त्यातच जायची. रोगराई व्हायची. मग तिथल्या लोकांनी एक अचाट काम केलं. ४५ किलोमीटरचा कालवा खणला आणि १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा फिरवला! घाण सरोवराऐवजी मिसिसिपी नदीच्या दिशेने जाऊ लागली. शहराचं पाणी सुधारलं, पण मिशिगनसारख्या सरोवरांचं खोरं आणि मिसिसिपीचं खोरं यांच्यामध्ये एक पाण्याची वाट कायमची उघडी पडली.

पुढे १९६०-७०च्या दशकांत दक्षिणेकडे आर्कान्सास राज्यात हे कार्प मासे आणले गेले. मत्स्यतळ्यांतलं शेवाळ नि वनस्पती त्यांनी खाव्यात, ही अपेक्षा. त्यांतले काही निसटून नदीत गेले आणि त्या उघड्या वाटेच्या दिशेने वर वर सरकू लागले. चंदेरा आणि त्याचा मोठ्या डोक्याचा भाऊ पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात. इतर माशांच्या पिल्लांचं पहिलं अन्नही तेच. शिवाय मोटरबोटीचा आवाज आला की चंदेरे आठ-दहा फूट उंच उसळतात. होडीतल्या माणसांना त्यांचा मार बसून लोक जखमी झाले आहेत.

"मग तो कालवाच बुजवून टाकायचा ना, आजोबा!" असं म्हणाल तुम्ही. तसं म्हणणारी माणसं तिथेही आहेत. पण त्याच वाटेने शहराचं सांडपाणी जातं, पुराचं पाणी जातं, आणि वाळू, सिमेंट, तेल घेऊन बार्ज, म्हणजे सपाट मालवाहू होड्या, ये-जा करतात. म्हणून पाणी आणि बार्ज जाऊ द्यायची पण मासा जाऊ द्यायचा नाही, अशी भिंत हवी होती. ती विजेची झाली. रोमिओव्हिल गावाजवळ कालव्याच्या तळाशी विद्युत्‌वाहक बसवले आणि २००२ साली पहिला अडसर सुरू झाला. पाण्यात विजेचे ठोके सुटत राहतात. मासा जसजसा जवळ येतो तसतसा झटका वाढतो, आणि तो मागे फिरतो.

फिरतो, हे खरं कशावरून? पाणी गढूळ, वर उभं राहून काही दिसत नाही. आणि परीक्षेसाठी चंदेराच सोडावा, तर तोच पार झाला म्हणजे? ज्याला अडवायचं त्यालाच आपण सरोवराकडे पोहोचवल्यासारखं होईल. म्हणून शास्त्रज्ञ रिचर्ड स्पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायप्रिनस हा मासा निवडला. हाही कार्पच, पण दोन्ही बाजूंच्या पाण्यात आधीपासून राहणारा. तो पलीकडे गेला तरी नवं संकट नाही. मला हा विचार फार आवडतो, मुलांनो. प्रयोग फसला तरी नदीला त्याची शिक्षा होऊ नये, याची काळजी त्यांनी आधी घेतली.

माशाला गुंगी द्यायची, पोटाला छोटा छेद घ्यायचा, आत बोटाएवढं प्रेषकयंत्र ठेवायचं, टाके घालायचे, आणि शुद्धीवर आला की पाण्यात सोडायचं. रानात चरणाऱ्या गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखंच हे. गाय दिसत नसली तरी ती कुठे आहे ते गुराख्याला कळतं. इथे प्रत्येक घंटेचा आवाज निराळा, आणि ऐकणारी यंत्रं रात्रंदिवस जागी.

असे १३० मासे. त्यांतले १२९ अडसर ओलांडून गेले नाहीत. एक गेला. २००३च्या एप्रिलमध्ये.

आता कोणी म्हणेल, एवढ्यांत एकच ना, सोडून द्या. पण नर-मादी मिळून मोजकेच मासे पलीकडे गेले तरी वंश सुरू होऊ शकतो. आणि त्या एकाने वाट दाखवली होती. तो गेला तेव्हा एक बार्ज अडसरातून चालली होती, तिच्याबरोबरच तो पार झाला असावा, असं शास्त्रज्ञांना वाटलं. बार्जचं पोट पोलादाचं असतं. पोलादातून वीज सहज वाहते, त्यामुळे आजूबाजूच्या पाण्यातली विजेची रचना बिघडते. पुढच्या प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसली. एकामागे एक जोडलेल्या बार्जच्या मधल्या फटीत छोटे मासे अडकतात आणि बार्जबरोबर पुढे वाहून नेले जाऊ शकतात.

छोट्या माशांची गोष्ट तशीही वेगळीच. लांब माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत विजेच्या दाबाचा फरक जास्त पडतो, म्हणून झटका जोराचा बसतो. बोटभर पिल्लाच्या अंगावर तो फरक थोडाच. मोठा मासा अडला म्हणून पिल्लूही अडेल, असं धरून चालता येत नाही. तेव्हापासून आणखी अडसर बांधले गेले, ठोक्यांचा जोर बदलून पाहिला, आणि अंगात यंत्र घेतलेले मासे पुन्हा पुन्हा सोडले गेले.

तरीही २०१० आणि २०१७ साली अडसराच्या पलीकडे, सरोवराच्या जवळ, एकेक परका कार्प सापडलाच. तो कोणत्या वाटेने आला, हा प्रश्न उरतोच. म्हणून आता कालव्याच्या आणखी खाली, जोलिएट शहराजवळच्या ब्रँडन रोड बंधाऱ्यावर, एकाच उपायावर न विसंबणारी योजना आखली आहे. तिथे वीज असेल आणि पाण्याखालचा कर्कश आवाजही असेल. बार्ज वर चढवणाऱ्या कोठीतलं पाणी आधी फेकून बदललं जाईल, म्हणजे तरंगती अंडी नि पिल्लं मागे ढकलली जातील. आणि तळातून बुडबुड्यांचे लोट सोडायचे आहेत. ते बार्जच्या पोटाखालून वर येऊन फटीत दडलेल्या पिल्लांना बाहेर हुसकतील.