इफ्तारच्या ताटात रंग किती?

असरची नमाज आटोपली की मोहल्ल्याच्या तोंडाशी इफ्तारचा बाजार भरू लागतो. शिगेवर लालभडक तंदुरी, परातीत शेंदरी कबाब, कढईत पिवळेधमक मालपुवे, मातीच्या वाटीत गुलाबी फिरनी. गिऱ्हाइकांत रोजेदार असतात, तसे ऑफिसातून परस्पर आलेले शेजारच्या आळीतले लोकही असतात. आणि सगळ्यांच्या पुढे, हातगाडीला चिकटून, मुलं. त्यांचा रोजा नसतो. असलाच तर दुपारी सुटणारा ‘चिडिया रोजा’. बर्फाच्या गोळ्यावर कोणता रंग ओतायचा हे ती घरूनच ठरवून आलेली असतात.

रात्री घरी तक्रार सुरू होते. मूल एका जागी बसत नाही, कारण नसताना चिडतं, आजोबांबरोबर तरावीहला नेलं तर सगळ्या सफेत हुंदडतं. आई म्हणते गोड जास्त झालं, आजी म्हणते नजर लागली. रंगाचं नाव क्वचितच निघतं.

खाण्यातल्या कृत्रिम रंगांचा आणि मुलांच्या वागण्याचा संबंध असावा, असं सॅन फ्रान्सिस्कोचे ॲलर्जीतज्ज्ञ डॉ. बेन फाइनगोल्ड यांनी 1970च्या दशकात मांडलं. त्यांचे दावे फार मोठे होते आणि पुढच्या चाचण्यांत ते सगळे टिकले नाहीत. पण विषय संपलाही नाही. ब्रिटनमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठाने 153 तीन वर्षांची आणि 144 आठ-नऊ वर्षांची मुलं घेऊन एक चाचणी केली. ती 2007 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. मुलांच्या रोजच्या खाण्यातून हे रंग काढून टाकले. मग काही आठवडे त्यांना सरबत दिलं, कधी रंगांचं मिश्रण आणि सोडियम बेंझोएट हे टिकाऊपणाचं रसायन घातलेलं, कधी त्याशिवायचं. दोन्ही दिसायला-चवीला सारखीच. कोणत्या दिवशी कोणतं, हे मुलांना माहीत नव्हतं, आईवडिलांना नाही, शिक्षकांनाही नाही. ‘गोडामुळे झालं असेल’ या शंकेला इथे जागा उरत नाही. तीन वर्षांच्या मुलांना दिलेल्या रंगाची मात्रा गोळ्या-चॉकलेटच्या दोन छोट्या पाकिटांत असते साधारण तेवढीच होती.

रंगाच्या दिवसांत मुलांची चुळबूळ सरासरीने थोडी वाढली. थोडी, हा शब्द महत्त्वाचा. दोन मिश्रणांपैकी एकाचा परिणाम लहानग्यांत स्पष्ट दिसला, दुसऱ्याचा नाही. काही मुलांना काहीच झालं नाही, काहींना बरंच. 2010 मध्ये याच गटाने दाखवलं की शरीरात हिस्टामिनचा निचरा करणाऱ्या जनुकांतल्या फरकाशी याचा संबंध असावा. दोष रंगाचा की बेंझोएटचा, हे मात्र या चाचणीतून वेगळं काढता येत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने पुरावा मर्यादित आहे असं म्हटलं. तरीही जुलै 2010 पासून युरोपीय संघाने त्या सहा रंगांच्या वेष्टनावर, मुलांच्या लक्ष देण्यावर आणि चळवळेपणावर वाईट परिणाम होऊ शकतो, अशी सूचना सक्तीची केली. ती छापण्यापेक्षा रंगच बदललेला बरा, असं अनेक उत्पादकांनी ठरवलं.

त्या सहांपैकी टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पॉन्सो 4आर हे चार रंग आपल्याकडच्या परवानगीच्या यादीत आहेत. पाकिटावर त्यांचे आकडे 102, 110, 122 आणि 124; बेंझोएटचा 211. युरोपसारखी सूचना इथे नसते. मर्यादा आहे: ज्या पदार्थांत रंग चालतो त्यांत साधारणपणे किलोमागे 100 मिलिग्रॅम. म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा. हातगाडीवर तराजू नसतो, चिमूट असते, आणि एका चिमटीत याच्या कितीतरी पट रंग सहज मावतो. शिवाय सुट्या पदार्थाला वेष्टनच नाही, मग आकडा वाचायचा कुठे?

आणि रंग यादीतलाच असेल याचा तरी काय भरवसा? म्हातारीच्या केसांत रोडामिन-बी हा कापड रंगवायचा रंग सापडल्यावर फेब्रुवारी 2024 मध्ये तमिळनाडूने ती मिठाईच बंद केली. त्याच वर्षी गोव्यात म्हापसा पालिकेने स्टॉलवरच्या गोबी मंचुरियनला मनाई केली. कर्नाटकाने मार्चमध्ये गोबी मंचुरियनमधले आणि जूनमध्ये कबाबांतले कृत्रिम रंग बंद केले. कबाबाच्या नमुन्यांत सनसेट यलो आणि कार्मोइसिन निघाले होते. आपल्या घरी कबाब येतो तेव्हा मटण कुठल्या दुकानातलं, हे चौकशी करून विचारलं जातं. रंग कुठला, हे कोणी विचारत नाही. खाणं हलाल असावं तसं ते ‘तय्यब’, म्हणजे स्वच्छ आणि निर्भेळही असावं, ही अपेक्षा कुरआनातलीच आहे.

हा प्रश्न अर्थात एका मोहल्ल्याचा नाही. तोच डबा जिलेबीच्या घाण्याजवळ असतो, जत्रेतल्या गोळ्याच्या गाडीवर असतो, मुलं बोटांत घालून खातात त्या रंगीत नळ्यांच्या कारखान्यातही असतो. आणि रमजानात मुलांची झोप सहेरीपर्यंत लांबते, त्या जागरणाचा दोष रंगावर टाकणंही बरोबर नाही.

पण रंगाला चव नसते. तंदुरीची लाली काश्मिरी मिरचीची असायची. मिरची महाग, पुडी स्वस्त. फिकी तंदुरी ठेवली तर गिऱ्हाईक ती शिळी समजतं, हे विक्रेत्यांचं म्हणणं खोटं नाही. दोन-चार नेहमीच्या गिऱ्हाइकांनी ‘बिनरंगाची आहे का?’ असं विचारलं तर तोच विक्रेता दुसऱ्या दिवशी वेगळी परात लावेल. घरी तर सोपंच आहे. बाटलीतल्या लाल सरबताऐवजी कोकम भिजवलं की रंग आपोआप उतरतो. जर्द्याला केशराच्या चार काड्या किंवा चिमूटभर हळद पुरते. आणि ईदच्या सकाळी गल्लीतल्या सगळ्या घरांत ज्याचे डबे जातात त्या शीरखुर्म्यात दूध, शेवया, खारीक, चारोळी असते. त्यात रंग घालायची पद्धतच नाही, तरी पातेलं दुपारच्या आत तळाला जातं.