पारायण आणि पुनर्वाचन : एक विवेचन

प्रस्तावना : एकदा वाचलेला ग्रंथ माणूस पुन्हा का वाचतो? आशय ठाऊक असतो, शेवटही ज्ञात असतो. तरीही हात त्याच पुस्तकाकडे वळतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ज्ञानेश्वरी आणि नागपूरचे कवी ग्रेस यांच्या संदर्भात केला आहे.

पारायणाची परंपरा : इ.स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचे १८ अध्याय सप्ताहात वाचण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ आहे. विदर्भात दासगणूंच्या २१ अध्यायी 'श्रीगजानन विजय' ग्रंथाचीही पारायणे होतात. पारायणात अर्थशोधापेक्षा नेम, नाद व श्रद्धा यांना प्राधान्य असते. म्हणून ते यांत्रिक ठरते, असे मात्र म्हणता येणार नाही. वारंवार वाचनाने शब्द स्मरणात स्थिरावतो आणि स्मरणात असलेला शब्द बदलला की तो खटकतो. एकनाथांनी इ.स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, तिच्या मुळाशी अशीच जाणती आवृत्ती असली पाहिजे.

दुर्बोधता व पुनर्वाचन : ग्रेस यांचा 'संध्याकाळच्या कविता' हा संग्रह १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या कवितेवर दुर्बोधतेचा आक्षेप सातत्याने घेतला गेला. पहिल्या वाचनात ही कविता नाद आणि प्रतिमा देते. प्रतिमांचे परस्परसंबंध मात्र पुढच्या वाचनांत उलगडू लागतात. काही ओळी त्यानंतरही बंदच राहतात, हेही मान्य केले पाहिजे. तथापि एका वाचनावरून दुर्बोधतेचा निर्णय देणे घाईचे ठरते.

बदलता वाचक : संहिता तीच राहते, वाचक मात्र बदलतो. विसाव्या वर्षी ओलांडलेला परिच्छेद पन्नाशीत थांबवून ठेवतो. त्या अर्थाने पुनर्वाचन हे स्वतःच्या बदलाचे मोजमाप होय. पुनर्वाचन न करणारा सर्वत्र एकच कथा वाचतो, अशा आशयाचे प्रतिपादन रोलाँ बार्थ यांनी १९७० मध्ये केले, तेही येथे उद्बोधक ठरते.

निष्कर्ष : आपल्या वर्गांतील प्रश्न याहून मूलभूत आहे. केवळ मार्गदर्शिका वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे पहिले वाचनच झालेले नसते. मग पुनर्वाचन कशाचे होणार? सत्राच्या आरंभी व अखेरीस एकच कविता वाचून घ्यावी, दोन्ही वेळी टिपण लिहून घ्यावे व ती टिपणे विद्यार्थ्यासमोर शेजारी ठेवावीत. दोहोंतील अंतर हेच त्या सत्राचे खरे अध्ययन होय.